उजवीकडे मेंढरं, डावीकडे दिलीप

आमच्या स्त्रीमंडळीतल्या बायका बरेच दिवस मागे लागल्या होत्या, की करुणाबाई, आजारपणाचं लिहून काढा, कुणाला तरी आधार होईल. होईल का, याची मला शंकाच आहे. ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडला आहे त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. केमोच्या दिवसांत स्टीलच्या भांड्यातून पाणी पिऊ नका, गंजक्या नळाची चव येते. काचेचा ग्लास घ्या. लिंबू जवळ ठेवा, चोखायला नाही, हुंगायला. आणि भेटायला येणाऱ्यांपैकी ज्यांचा त्रास होतो त्यांना "झोपलीय" म्हणून परत पाठवायला घरच्यांना शिकवून ठेवा. बाकी मी जे लिहिणार आहे त्यात गोंधळच फार आहे, आणि मी अजून त्यात आहे.

रिपोर्टचा दिवस

मी जन्माने ख्रिस्ती. आजोबा नगरकडून अंबरनाथला कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, आमची मराठी मंडळी, उल्हासनगरला भरते. तिथली शब्बाथ शाळा, म्हणजे दर रविवारी मुलांना शास्त्रातल्या गोष्टी शिकवायचा वर्ग, मी लग्नाच्या आधीपासून चालवते आहे.

नवरा दिलीप, हिंदू, चामटोलीच्या शेतकरी घरातला. उल्हासनगरला कॅम्पात त्याचं जळलेल्या मोटर रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांच्या तारा नव्याने गुंडाळायचं, दुकान आहे. मी शिकवायचे त्या बालवाडीच्या पंपाची मोटर जळली, ती दुरुस्त करायला तो आला आणि नंतर चांगली चालणारी मोटरही बघायला यायला लागला. लग्न रजिस्टर केलं. मंडळीत बरीच बोलाबोली झाली, काही काळ मला प्रभूभोजनाला, म्हणजे देवळातल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, बसू दिलं नाही, मग सगळे थकले. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे घरात दोघंच. त्याच्या आईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी तू.

छातीत गाठ लागली तेव्हा मी आधी ती लपवली, हे सगळ्या बायका करतात. मग सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढणं, मग तो पांढरा लिफाफा. डॉक्टर तरुण होत्या. "कॅन्सर आहे, पण ट्रीटमेंट आहे. घाबरू नका," एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. दिलीपने रिपोर्ट हातात घेऊन मोटरवरची पट्टी वाचावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला. त्याला त्यातलं काही कळलं नसणार. बाहेर आल्यावर त्याने मला नारळपाणी घेऊन दिलं, स्वतः घेतलं नाही.

त्या शहाळ्यात स्ट्रॉ घालून उभी असताना मला जो पहिला विचार आला तो मी बरेच महिने कुणाला सांगितला नाही. मरण्याची भीती नंतर आली, आणि भरपूर आली. पण पहिला विचार असा होता: मी गेले तर तिथे दिलीप नसेल.

आमचं नाटक

हा विचार कुठून आला ते सांगते. आमचा विश्वास असा, की शेवटच्या दिवशी ख्रिस्त राजा म्हणून परत येईल आणि मेंढपाळ कळप निवडतो तशी सगळी माणसं निवडेल. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. उजवीकडच्यांना तो म्हणेल, मी भुकेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुम्ही माझं केलंत, आत या. डावीकडच्यांना म्हणेल, तुम्ही केलं नाहीत, निघा.

शब्बाथ शाळेच्या वार्षिक दिनाला मी मुलांकडून याचं नाटुकलं बसवते. राजाला प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर टाकून बसवायचं. मेंढरांना अंगाला कापूस, शेरडांना पुठ्ठ्याची शिंगं आणि दाढी. दर वर्षी सगळ्यांना शेरडंच व्हायचं असतं, कारण शिंगं त्यांना. दिव्यांचं काम दिलीपकडे. देवळात तो एरवी पाऊल टाकत नाही, पण नाटकाला आपली वायर आणि बटणं घेऊन येतो. उजवीकडे पिवळा उजेड, डावीकडे लाल. नाटक तो कधी ऐकत नसावा, त्याचं सगळं लक्ष बटणांकडे.

नाटकात दोन गोष्टी मुलं कायम चुकतात. एक, राजा मेंढरांना म्हणतो, तुम्ही माझं केलंत, तेव्हा मेंढरांनी विचारायचं असतं, "राजा, आम्ही कधी केलं?" मुलं हे वाक्य छाती काढून म्हणतात, बक्षीस मिळालंय अशा थाटात. मी ओरडते, अरे, त्यांना खरंच माहीत नाहीये! आश्चर्याने म्हणा! कुणाला जमत नाही. दुसरी गोष्ट, उजवीकडे गेलेली मुलं वळूनवळून डावीकडच्या मित्रांना हात करतात. त्यावरही मी ओरडते. मेंढरांनी राजाकडे बघायचं, मागे वळायचं नाही.

इतकी वर्षं हे बसवताना, दिवे लावणारा माणूस कुठल्या बाजूला उभा राहील हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. आमच्याकडे शिकवण साधी आहे, ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला त्याचं तारण झालं. बाकीचे बाहेर. शहाळं हातात घेऊन मी ते पहिल्यांदा दिलीपच्या नावानिशी ऐकलं.

गेटवर

हॉस्पिटलात केमोच्या खोलीत खुर्च्यांची रांग होती आणि सगळ्या बायका. पुरुषांना आत सोडत नसत. वॉचमन पहिल्याच दिवशी म्हणाला, "अंकल, अंदर जेन्ट्स अलाउड नहीं है. घर जाओ, शाम को आना."

दिलीप म्हणाला, "मैं इधरीच बैठता है."

आणि तो बसला. गेटजवळच्या सिमेंटच्या बाकड्यावर, प्रत्येक वेळी, दुकान बंद ठेवून. माझी खुर्ची खिडकीशी आली तर मला त्याचं टक्कल दिसे. सलाईन लागलं की मी खिडकीकडे बघे आणि ते टक्कल दिसलं की जीव भांड्यात पडे.

शेजारच्या खुर्चीवर शिरगावच्या एक बाई असत. त्या म्हणायच्या, "तुमचे मिस्टर आजपण गेटवरच? आमच्यांना सांगा जरा. मला सोडतात आणि सुटतात बाणासारखे."

ओकारी व्हायची ती घरी गेल्यावर. दिलीप बादली धरायचा, धुवायचा, परत आणून ठेवायचा. केस जायला लागले तेव्हा त्याने स्वतःच मशीनने माझं डोकं साफ केलं आणि आरशात दोघांची टकली बघून म्हणाला, "आता कोण म्हणेल आपली जात वेगळी?" मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सगळे म्हणत, किती सोसलंस गं. मला वाटे, सोसणं ठीक आहे, पण ज्या स्वर्गात हा माणूस नाही तिथे मी करणार काय? आणि लगेच भीती वाटे, की असा विचार केला म्हणून माझंही नाव कटलं असेल.

तेल आणि अंगारा

या काळात माझ्या कपाळाचे फार हाल झाले. माझी थोरली बहीण माईताई, स्त्रीमंडळीची अध्यक्षीण, दर सोमवारी सकाळी यायची. प्रार्थना करून माझ्या कपाळाला तेल लावायची, आजाऱ्याला तेल लावायची आमच्याकडे रीत आहे. ती गेली की चामटोलीहून सासूबाई यायच्या. त्या आधी शिवमंदिरात पाणी घालून येत आणि आल्या आल्या माझ्या कपाळाला अंगारा लावत. तेलावर अंगारा फार छान चिकटतो. दुपारपर्यंत कपाळावर काळा चिखल झालेला असे.

"आई, मी हे लावत नाही, तुम्हाला माहितीये ना?" मी एकदा म्हणाले.

"तू नको लावू. मी लावतंय ना. माझ्या देवाला मी सांगनार, तुझ्या देवाला तू सांग. पेज आनलीय, दोन घोट घे गो पोरी."

ती भाताची पेज, थोडं मीठ घातलेली, हीच त्या दिवसांत पोटात टिकायची. अंगारा पुसला तर म्हातारी दुखावणार, ठेवला तर माईताई. मी कपाळावर स्कार्फ ओढून घेई आणि पेज पिई.

माईताई एक दिवस प्रार्थना संपवून उठली नाही. माझा हात धरून बसली आणि म्हणाली, "करुणा, मला पवित्र आत्म्याने दाखवलंय. हे दुखणं उगाच नाही आलं. दिलीपरावांना प्रभूकडे आणायला आलंय. हा तुमच्या घरासाठी शेवटचा चान्स आहे."

"मग कॅन्सर त्याला द्यायचा होता," मी म्हणाले. "मला कशाला? मी तर आधीच आत आहे ना?"

ताईचा चेहरा पडला. ती माझ्यासाठी उपास करत होती, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा रागही तसाच राहिला. ती गेली तेव्हा तिचं वाक्य मात्र घरातच राहिलं. दोन दिवस मी ते घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी दिलीप बादली धुऊन आला तेव्हा त्याला सगळं सांगून टाकलं. शहाळ्यापासून सगळं.

तो ओले हात तसेच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "एवढंच ना? घेतो की मी बाप्तिस्मा. त्यात काय. तू टेन्शन नको घेऊ."

पाळकसाहेबांचा प्रश्न

आमच्याकडे बाप्तिस्म्याआधी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रश्न विचारतात. माईताईने आनंदाने दिलीपची तयारी करून घेतली. लायसन्सच्या परीक्षेला पाठ करतात तशी त्याने उत्तरं पाठ केली, दुकानात तारा गुंडाळताना पुटपुटायचा. ठरल्या दिवशी लग्नाला घालायचा शर्ट घालून तो तयार झाला. मी स्कार्फ बांधला आणि आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो. देवळामागच्या खोलीत पाळकसाहेब, माईताई आणि आम्ही दोघं.

पहिली उत्तरं त्याने धडाधड दिली. मी पापी आहे, हो. ख्रिस्त तारणारा आहे, हो. माईताई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होती. मी मनात प्रत्येक उत्तरासोबत एकेक पायरी चढत होते. अजून एक, आणि मग आम्ही दोघं एकाच बाजूला.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि विचारलं, "दिलीपराव, उद्या मरण आलं तर तुम्ही कुठे जाल?"

याचंही उत्तर पाठ होतं. ख्रिस्ताच्या कृपेने स्वर्गात. दिलीपने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, परत मिटलं.

"खरं सांगू का साहेब? ही जाईल तिथे जाईन. आत नाय सोडलं तर गेटवर थांबेन. मला सवय आहे."

माईताईने कपाळाला हात लावला. पाळकसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते असं मला वाटलं, पण आवाज नेहमीचाच होता. "दिलीपराव, घाई नको. हिच्यासाठी नका येऊ. स्वतःसाठी याल तेव्हा मी तुमच्याबरोबर पाण्यात उतरेन."

परत येताना रिक्षात मी भडकले. ड्रायव्हर आरशातून बघत होता तरी मला पर्वा नव्हती. "एक वाक्य होतं! एवढ्या मोटारी उघडून जोडतोस, एक वाक्य बोलता आलं नाही?"

"अगं, त्यांनी डोळे मिटून विचारलं," दिलीप म्हणाला. "डोळे मिटलेल्या माणसाला काय फसवायचं?"

मला त्याचा राग येत होता, पाळकसाहेबांचा येत होता, आणि आत कुठेतरी तो खोटं बोलला नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटत होतं. मग अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की तोच प्रश्न पाळकसाहेबांनी मला कधीच विचारला नाही. मी जन्मापासून आतली, मला कोण विचारणार? विचारला असता तर मी पाठ केलेलं उत्तर लगेच दिलं असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्यासुद्धा.

उपकारस्तुती

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही. "सध्या" या शब्दाशी जमवून घ्यायला मी शिकते आहे. डोक्यावर केस आले, पूर्वीपेक्षा कुरळे.

आजारातून उठलं की आमच्याकडे घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. मंडळी येते, गाणी होतात, आणि बरा झालेला माणूस उभा राहून साक्ष देतो, की देवाने आपल्याला कसं उचललं, आणि आपल्याला तारणाची कशी पूर्ण खात्री होती. अशा साक्षी मी शेकड्यांनी ऐकल्या आहेत. मला नको होतं, पण माईताईने तारीख ठरवली.

अंबरनाथच्या आमच्या छोट्या हॉलमध्ये माणसं मावेनात. शब्बाथ शाळेची मुलं पुढे जमिनीवर. पाळकसाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर. सासूबाई कोपऱ्यात, गाण्यांना आपल्या तालात टाळ्या वाजवत. दिलीप स्वयंपाकघराच्या दारात हातात किटली घेऊन, आत चहा उकळतोय म्हणून अर्धं लक्ष मागे.

मी उभी राहिले. "देवाचे उपकार मानते," एवढं म्हणाले, ते खरंच होतं. मग पुढचं ठरवलेलं येईना. मी म्हणाले, "खात्री म्हणाल तर मला नव्हती. आजही नाही. मी फार घाबरले होते. मेल्यावर कुठे जाणार, कोणाबरोबर जाणार, मला माहीत नव्हतं. तुम्ही मला चांगली विश्वासणारी समजता म्हणून सांगून टाकते." खोलीत चुळबुळ झाली. माईताई खाली बघत होती. "माझ्यासाठी तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केलीत. ताईने उपास केले. आईंनी पेज दिली. आणि दिलीपने माझी ओकारी काढली, मला आंघोळ घातली, घास भरवला, आणि दुकान बंद ठेवून गेटवर बसला. त्याने केलं ते..." इथे मी दिलीपकडे बोट केलं.

सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. दिलीप पुरता गोंधळला. चोरी पकडल्यासारखा किटली मागे घेत म्हणाला, "मी? मी कधी काय केलं?"

सगळे हसले. ताण गेला म्हणून जरा जास्तच हसले. मी हसले नाही. तो सूर मी इतकी वर्षं मुलांच्या गळ्यातून काढायला बघत होते. छाती न काढता, खरंच माहीत नसलेला. पुढे बसलेल्या मुलांपैकी एकीने माझ्याकडे वर पाहिलं, आणि मला वाटतं, तिलाही ते ऐकू आलं. पाळकसाहेब हसत नव्हते. त्यांनी दिलीपकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या रिकाम्या कपाकडे, आणि म्हणाले, "चहा आणा दिलीपराव, आम्ही वाट बघतोय."

ही साक्ष मी इथेच संपवली असती तर छान झालं असतं. पण रात्रीची भांडी आवरताना मला एक आठवलं आणि परत सगळं विस्कटलं. नाटकात शेरडंही तेच विचारतात. राजा त्यांना म्हणतो, तुम्ही केलं नाहीत, तेव्हा तीही आश्चर्याने विचारतात, आम्ही कधी नाही केलं? दोन्हीकडची माणसं राजासमोर सारखीच चकित झालेली असतात. कुणालाच आपलं ठाऊक नसतं. इतकी वर्षं ते वाक्य मीच दोन्ही बाजूंना वाटलं होतं.

दिलीप खुर्च्या एकात एक घालत होता. मी विचारलं, "मघाशी ते मुद्दाम म्हणालास का? नाटकातलं?"

"काय म्हणालो?" तो म्हणाला, आणि खुर्च्या उचलून जिन्याकडे गेला.

पाळकसाहेबांकडे तो अजून गेलेला नाही. मी म्हणतही नाही. या वर्षीच्या नाटकाची तालीम सुरू झाली आहे, आणि कापूस लावलेली मुलं नेहमीप्रमाणे वळून डावीकडच्या मित्रांना हात करत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. शेवटच्या दिवशी काय होणार ते मला कळलेलं नाही. पण मला उजवीकडे बोलावलंच, तर मी आधी मान वळवून गेटकडे बघणार आहे.